टेबलावरचा हात आणि छतातला डोळा

कॅसिनोतील फसवणूक म्हटली की सर्वसामान्य माणसाचा संशय प्रथम कॅसिनोच्या मालकावर जातो. परंतु परवाना घेऊन, सरकारी नियमांखाली चालणाऱ्या कॅसिनोला पाने लपवण्याची किंवा चाक बिघडवण्याची गरज नसते, कारण त्याचा नफा खेळाच्या नियमांतच बसवलेला असतो. युरोपीय पद्धतीच्या रुलेटच्या चाकावर शून्य ते छत्तीस अशी ३७ घरे असतात आणि एका आकड्यावर लावलेली पैज लागली तर लावलेल्या रकमेच्या ३५ पट रक्कम मिळते, म्हणून दीर्घकाळात प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोकडे राहतात. अमेरिकी चाकावर दुहेरी शून्याचे आणखी एक घर असल्याने हेच प्रमाण ५.२६ टक्क्यांवर जाते. बॅकरा या पत्त्यांच्या खेळात तर ते आणखी कमी, ‘बँकर’ या बाजूवर सुमारे १.०६ टक्के आणि ‘प्लेअर’ या बाजूवर सुमारे १.२४ टक्के एवढेच असते. या प्रमाणाला ‘हाउस एज’, म्हणजे चालकाची आघाडी, असे म्हणतात. ही आघाडी इतकी बारीक असल्यामुळेच ती टिकण्यासाठी तीन गोष्टी अबाधित राहाव्या लागतात: पानांचा क्रम कोणालाही आधी ठाऊक नसावा, पैज निकालापूर्वीच लागलेली असावी, आणि जिंकणाऱ्याला नेमके तेवढेच पैसे दिले जावेत. टेबलावरच्या खेळांतील बहुतेक लबाड्या या तीनपैकी एखाद्या गोष्टीला धक्का देतात आणि संरक्षणाची व्यवस्थाही याच तिन्हींभोवती रचलेली असते.

अमेरिकेतील नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगाराला कायदेशीर मान्यता दिली, तेव्हा टेबलांवर नजर ठेवणे हे काम डोळस माणसांचेच होते. लास व्हेगासच्या जुन्या कॅसिनोंत छताच्या वर लाकडी अरुंद वाटा बांधलेल्या असत. त्यांवरून पहारेकरी दबकत फिरत आणि खालून आरसा वाटणाऱ्या, वरून मात्र आरपार दिसणाऱ्या काचांमधून दुर्बिणीने टेबले न्याहाळत. ‘आय इन द स्काय’, म्हणजे आकाशातला डोळा, हे नाव आजही निगराणी विभागाला वापरले जाते. पुढे या वाटांची जागा कॅमेऱ्यांनी घेतली, फितींची जागा अंकीय साठ्याने घेतली, आणि आता प्रत्येक टेबलावर स्थिर कॅमेरा रोखलेला असतो व त्याच्या जोडीला हवे तिकडे वळणारे, एखाद्या पानावरचा ठिपकाही मोठा करून दाखवणारे कॅमेरे असतात. चित्रपटांनी या डोळ्याला जवळजवळ सर्वज्ञ करून टाकले आहे. प्रत्यक्षात त्याची मर्यादा मोठी आहे: ज्या हालचालीला ठरलेले रूप नाही, तिच्यातले वावगे त्याला ओळखता येत नाही. डीलरने, म्हणजे पाने वाटणाऱ्या कर्मचाऱ्याने, हात कसाही हलवला तरी चालत असेल, तर हजार कॅमेरेही निरुपयोगी ठरतात. म्हणून टेबलाचे खरे संरक्षण छतात नसून डीलरच्या हाताला लावलेल्या शिस्तीत असते, आणि ही शिस्त जितकी बारकाईने पाहावी तितकी ती विचारपूर्वक घडवलेली दिसते.

टेबल सोडताना डीलर दोन्ही हात पुढे करून, हलकी टाळी वाजवून, तळवे वर-खाली फिरवून दाखवतो. त्याला ‘क्लिअरिंग हँड्स’ म्हणतात आणि हातात चिप, म्हणजे पैशाच्या जागी वापरायची चकती, लपवलेली नाही हे त्यातून कॅमेऱ्याला दिसते. अनेक ठिकाणी गणवेशाला खिसेच नसतात किंवा कमरेला बांधलेल्या वस्त्राने ते झाकलेले असतात. खेळाडूने रोख रक्कम दिली तर डीलर ती त्याच्या हातातून थेट घेत नाही. खेळाडू ती टेबलावर ठेवतो, डीलर नोटा पसरून मांडतो, रक्कम मोठ्याने उच्चारतो, जवळच्या पर्यवेक्षकाची संमती घेतो आणि मगच त्या टेबलाला जोडलेल्या कुलूपबंद पेटीत ढकलतो. चिप्स देताना त्या पाचपाचाच्या समान गड्ड्यांत मांडून, एक गड्डी फोडून दाखवली जाते, म्हणजे वरून पाहणाऱ्याला मोजणी करण्यासाठी तर्क करावा लागत नाही. पैजेच्या एकाच ढिगात वेगवेगळ्या किमतीच्या चिप्स असतील तर मोठ्या किमतीची खाली आणि लहान वर असा दंडक असतो, कारण निकाल लागल्यावर कोणी हळूच वर एक मोठी चिप ठेवली तर ती त्या क्रमात ताबडतोब खटकते. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर हरलेल्या पैजा उचलणे आणि जिंकलेल्या चुकत्या करणे ठरलेल्या दिशेने व ठरलेल्या क्रमाने होते, आणि पानेही अशा क्रमाने गोळा केली जातात की वाद निर्माण झाला तर टाकलेल्या पानांच्या गठ्ठ्यातून तो डाव जसाच्या तसा पुन्हा मांडता यावा. रुलेटमध्ये चेंडू घरात पडताच डीलर विजयी आकड्यावर एक छोटी खूणमूठ ठेवतो आणि पैसे चुकते होईपर्यंत ती उचलत नाही; शिवाय प्रत्येक खेळाडूला वेगळ्या रंगाच्या चिप्स दिल्या जातात, त्यामुळे कोणती पैज कोणाची याबद्दल घोळ उरत नाही.

या नियमांमागे डीलरवरचा अविश्वास आहे, असे वरकरणी वाटते, आणि निगराणी विभागाचा पुष्कळसा वेळ खेळाडूंपेक्षा कर्मचाऱ्यांवर नजर ठेवण्यात जातो हेही खरे आहे. तरीही या शिस्तीचा दुसरा अर्थ तितकाच महत्त्वाचा आहे. रात्रभर दुसऱ्याचे लाखो रुपये हाताळणाऱ्या आणि स्वतः माफक पगारावर काम करणाऱ्या माणसावर एखादा हरलेला, संतापलेला खेळाडू चोरीचा आरोप करतो, तेव्हा त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा त्याच्या शब्दात नसतो. तो तळवे दाखवणाऱ्या त्या चार सेकंदांच्या चित्रणात असतो. नियम पाळणारा हात संशयापासून मुक्त होतो, आणि म्हणून चांगल्या कॅसिनोंमधले अनुभवी डीलर या हालचालींना अपमान न मानता आपले कवच मानतात.

फसवणुकीचे साधे प्रकार बहुतेक याच शिस्तीच्या एखाद्या फटीतून आत शिरतात. निकाल कळल्यावर पैज वाढवणे किंवा नवी ठेवणे याला ‘पास्ट पोस्टिंग’ म्हणतात, तर हरण्याचे चिन्ह दिसताच पैजेतली चिप काढून घेणे याला ‘पिंचिंग’. दोन्हींत लक्ष विचलित करणारा साथीदार लागतो: तो पेला सांडतो, प्रश्न विचारतो, भांडण उकरून काढतो. पानांवर नखाने ओरखडा काढणे किंवा विशिष्ट कोनातूनच दिसणारा रंग लावणे हे प्रकार जुने आहेत आणि त्यामुळेच वापरलेली पाने ठरावीक काळाने बाद करून, त्यांना भोक पाडून किंवा कोपरे कापून नष्ट केली जातात. हे प्रकार एकट्या-दुकट्याचे असतात व त्यांतून होणारे नुकसान मर्यादित असते.

खरी भीती असते ती आतल्या माणसाच्या साटेलोट्याची. अमेरिकेत ‘ट्रॅन ऑर्गनायझेशन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या टोळीने सुमारे २००२ ते २००७ या काळात अमेरिका व कॅनडातील वीसहून अधिक कॅसिनोंना कित्येक दशलक्ष डॉलरना फसवले, आणि त्यासाठी वापरलेली युक्ती पत्ते खेळणाऱ्या कोणाही मराठी घरातल्या मुलाला समजेल अशी होती: खोटे पिसणे. लाच घेतलेला डीलर पाने पिसण्याचा देखावा करी, परंतु आधीच्या डावांतली काही पाने एका गठ्ठ्यात जशीच्या तशी राहू देई. टोळीतला कोणी तरी त्या पानांचा क्रम टिपून ठेवी. बॅकरामध्ये निकाल कागदावर नोंदवत बसण्याची खेळाडूंना मुभाच असते, त्यामुळे त्यात कोणाला वावगे वाटत नसे, आणि काही ठिकाणी तर लपवलेल्या यंत्राद्वारे ही माहिती बाहेर बसलेल्या साथीदाराकडे व त्याच्या संगणकाकडे पाठवली जाई. तो न पिसलेला गठ्ठा पुन्हा वाटपात आला की पुढची पाने कोणती हे टोळीला ठाऊक असे आणि पैजा एकदम फुगत. या प्रकरणात कॅमेरे चालू होते, पर्यवेक्षक हजर होते, डीलरने तळवेही दाखवले होते. त्याची हालचाल ठरलेल्या रूपासारखी दिसत होती, पण तिच्यातला आशय काढून टाकलेला होता. अशा वेळी पाहणाऱ्याला उपयोगी पडतात ते आकडे. टेबलाच्या पेटीत जमलेल्या रकमेपैकी किती रक्कम कॅसिनोकडे राहिली याचे प्रमाण प्रत्येक टेबलासाठी आणि प्रत्येक पाळीसाठी काढले जाते आणि एखाद्या डीलरच्या पाळीत ते वारंवार घसरू लागले तर जुनी चित्रणे पुन्हा पाहिली जातात. खोट्या पिसण्यावरचा थेट उपाय म्हणजे पाने पिसण्याचे काम डीलरच्या हातून काढून यंत्राकडे देणे, आणि अशी यंत्रे आज जगभर वापरली जातात. याच उपायाने पुढे एका वेगळ्या लबाडीला कशी वाट करून दिली, हे पाहण्याआधी मात्र फसवणूक म्हणजे काय, हा प्रश्न सोडवावा लागतो.

जुगारावर शासनाने नजर ठेवावी ही कल्पना भारतीय परंपरेला अपरिचित नाही. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे, त्याने जुगार एकाच ठिकाणी चालवावा, फासे स्वतः पुरवावेत, जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच घ्यावेत, असे तेथे सांगितले आहे. पुरवलेले फासे बदलणाऱ्याला १२ पणांचा दंड आहे, आणि कपटाने खेळणाऱ्याला त्याहून कठोर शिक्षा असून जिंकलेले द्रव्यही परत घेण्याची तरतूद आहे. साधन बदलणे आणि कपट करणे हे दोन अपराध तेथे वेगळे धरलेले आहेत, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे, कारण आधुनिक न्यायालयांपुढचा पेचही याच जागी येऊन थांबतो: साधनाला हात न लावता, केवळ बुद्धी चालवून खेळाडूने आघाडी मिळवली तर त्याला कपटी म्हणावे काय?

ब्लॅकजॅकच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट मिळाले आहे. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ हे पुस्तक प्रसिद्ध करून दाखवून दिले की वाटली गेलेली पाने लक्षात ठेवली तर उरलेल्या पानांत दश्श्या, चित्रे आणि एक्के जास्त आहेत की कमी हे कळते व त्यानुसार पैज कमी-जास्त करता येते. या पद्धतीला पाने मोजणे म्हणतात. नेवाडाच्या कायद्यानुसार डोक्यात पाने मोजणे हा गुन्हा नाही, तरी कॅसिनो आपल्या मालकीच्या जागेतून अशा खेळाडूला बाहेर काढू शकतो. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९८२ मध्ये केन उस्टन या प्रसिद्ध खेळाडूच्या खटल्यात, नियामक आयोगाने तसा नियम केलेला नसताना कॅसिनोला स्वतःच्या मर्जीने त्याला रोखता येणार नाही, असा निर्णय दिला. यंत्राची मदत घेणे ही वेगळी गोष्ट. थॉर्प आणि माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांनी १९६१ मध्ये अंगावर लपवता येणारा छोटा संगणक करून रुलेटचा चेंडू कुठे पडेल याचा अंदाज घेण्याचा प्रयोग केला होता. १९८५ मध्ये नेवाडाने अशा सर्व उपकरणांवर बंदी घातली. ब्रिटनमध्ये तशी स्पष्ट तरतूद त्या काळी नव्हती, आणि २००४ मध्ये लंडनच्या रिट्झ कॅसिनोत तिघांनी अशाच तंत्राच्या आधारे सुमारे १३ लाख पौंड जिंकल्याचा संशय आला तेव्हा पोलिसांनी त्यांना अटक केली, पण अखेर कोणताही आरोप न ठेवता सोडून दिले.

या सीमारेषेवरचे सर्वांत बोधप्रद प्रकरण लंडनच्याच क्रॉकफर्ड्स या कॅसिनोत ऑगस्ट २०१२ मध्ये घडले. फिल आयव्ही हा पोकरमधला जगप्रसिद्ध व्यावसायिक खेळाडू तेथे पुंतो बांको हा बॅकराचाच एक प्रकार खेळत होता आणि दोन दिवसांत त्याने सुमारे ७७ लाख पौंड जिंकले. या खेळात दोन बाजूंना पाने मिळतात, त्यांच्या बेरजेतला एकं स्थानचा अंक धरला जातो आणि नऊच्या जवळ जाणारी बाजू जिंकते; दश्शी, गुलाम, राणी व राजा यांचे मूल्य शून्य. त्यामुळे पहिले पान सत्ती, अठ्ठी किंवा नव्वी असेल तर ते ज्या बाजूला जाणार तिला मोठा लाभ असतो, आणि शूच्या, म्हणजे पाने ठेवण्याच्या पेटीच्या, तोंडाशी असलेल्या पहिल्या पानाची पाठ वाटपाआधीच थोडी दिसते. पानांच्या पाठीवरची नक्षी कापताना काटेकोर समान राहिलेली नव्हती. एका लांब कडेला ती किंचित वेगळी दिसे, आणि हा फरक मिलिमीटरच्या अंशाएवढा, कारखान्याने मान्य केलेल्या मर्यादेतला होता. आयव्हीबरोबर बसलेल्या चुंग यिन सन या स्त्रीला तो नजरेने ओळखता येत असे. तिने डीलरला कँटोनी भाषेत प्रत्येक पान ‘चांगले’ की ‘वाईट’ हे सांगून, चांगले पान एका दिशेने व बाकीची दुसऱ्या दिशेने फिरवून ठेवण्याची विनंती केली आणि ही आपली नशिबाबद्दलची समजूत असल्याचे भासवले. कॅसिनो श्रीमंत खेळाडूंच्या अशा समजुती कौतुकाने सांभाळतात, म्हणून डीलरने ते ऐकले. मग तीच पाने ‘भाग्याची’ म्हणून पुन्हा वापरावीत, आणि ती यंत्राने पिसावीत, अशी मागणी झाली.

ही शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. हाताने पिसताना पाने उलटसुलट फिरण्याची शक्यता असते आणि सर्व रचना मोडून पडते. यंत्र मात्र पानांचा क्रम बदलते, त्यांची दिशा बदलत नाही. खोट्या पिसण्यापासून वाचवणारे साधन येथे लबाडीचे रक्षक बनले. या पद्धतीला ‘एज सॉर्टिंग’, म्हणजे कडांवरून पाने वेगळी करणे, म्हणतात, आणि ती अचूक वापरली तर खेळाडूला कॅसिनोवर सुमारे साडेसहा टक्क्यांची आघाडी मिळते. संपूर्ण प्रकार कॅमेऱ्यांसमोर, मोठ्याने बोलून, पर्यवेक्षकांच्या देखत घडला. कोणाला कोणतीही हालचाल लपवावी लागली नाही. नंतरच, चित्रण पुनःपुन्हा पाहून आणि पाने तपासून कॅसिनोला त्यामागचे तंत्र उमगले, कारण तेथील कोणीही या पद्धतीचे नावसुद्धा ऐकलेले नव्हते. कॅसिनोने पैसे नाकारले, आयव्हीने दावा लावला, आणि २५ ऑक्टोबर २०१७ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की ही फसवणूकच होती. आयव्हीला स्वतःला ती फसवणूक वाटत नव्हती, हे न्यायालयाने मान्य केले होते; परंतु त्याने गुपचूप शूमध्ये हात घालून पाने लावून ठेवली असती तर कोणाला शंका उरली नसती, आणि तेच काम नकळत्या डीलरकडून करून घेतल्याने त्याचे स्वरूप बदलत नाही, असा न्यायालयाचा विचार होता. आरोपीला आपले कृत्य अप्रामाणिक वाटत होते काय, याला फौजदारी कायद्यात १९८२ पासून दिले गेलेले महत्त्वही या निकालाने संपवले, त्यामुळे इंग्लंडमधल्या चोरी व फसवणुकीच्या खटल्यांवर त्याचा परिणाम झाला.

हा निकाल योग्य आहे, कारण पाने ओळखण्याची सूक्ष्म नजर हा खेळाडूचा गुण असला तरी पानांची मांडणी बदलवून घेणे हा खेळ नव्हे. तथापि कॅसिनोची चूक त्यामुळे लहान होत नाही. २०१२ मध्येच अटलांटिक सिटीतील बोर्गाटा कॅसिनोत आयव्हीने याच पद्धतीने सुमारे ९६ लाख डॉलर जिंकले, आणि तेथेही त्याच्या मागण्या आधीच कळवून मान्य करून घेतलेल्या होत्या: वेगळे दालन, मँडरिन बोलणारा डीलर, विशिष्ट कंपनीची जांभळ्या पाठीची पाने, यंत्राने पिसणे. दोन्ही ठिकाणी मोठ्या गिऱ्हाइकाला खूश ठेवण्यासाठी शिस्तीत एक एक सूट देण्यात आली, आणि प्रत्येक सूट स्वतंत्रपणे पाहिली तर निरुपद्रवी होती. सामान्य खेळाडूने पान फिरवून ठेवा असे सांगितले असते तर डीलरने ऐकले नसते. आता पाठीवर कडेपर्यंत नक्षी नसलेली किंवा सर्व बाजूंनी सारखी दिसणारी पाने पसंत केली जातात आणि पिसण्यापूर्वी अर्धा गठ्ठा उलट दिशेने फिरवला जातो. हा सोपा उपाय मोठ्या नुकसानानंतर सुचला.

निगराणीचा डोळाही विकला जाऊ शकतो, हे मार्च २०१३ मध्ये मेलबर्नच्या क्राउन कॅसिनोबद्दल आलेल्या बातम्यांतून जगाला कळले: तेथील कॅमेऱ्यांची दृश्ये बाहेरच्या माणसांच्या हाती लागून एका बड्या खेळाडूला संकेत मिळाले आणि सुमारे ३.२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर गेले, असे वृत्तपत्रांनी छापले होते. खेळाडूच्या पानांचे दृश्य टिपणारा कॅमेरा हा पानांचे गुपितही जाणणारा कॅमेरा असतो, याचा विसर पडलेला होता. म्हणून निगराणी विभागाने टेबले चालवणाऱ्या व्यवस्थापकाच्या हाताखाली न राहता स्वतंत्रपणे वरिष्ठांना जबाबदार असावे, ही अट अनेक ठिकाणचे नियामक घालतात, आणि निगराणीच्या खोलीत कोण आले-गेले याचीही नोंद ठेवली जाते.

महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ मध्ये केलेला महाराष्ट्राचा कॅसिनो कायदा कधीच अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. मराठी माणसाला जवळचा कॅसिनो म्हणजे पणजीसमोर मांडवीत नांगरलेल्या जहाजांवरचा. गोव्याच्या १९७६ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरचे खेळ सुरू झाले, १९९६ च्या दुरुस्तीने टेबलावरचे खेळ जहाजांपुरते खुले झाले, आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तेथे प्रवेशबंदी आहे. या जहाजांवर बॅकरा व रुलेटच्या शेजारी तीन पत्ती आणि अंदर-बाहर हे आपल्याकडचे खेळही चालतात. अंदर-बाहरमध्ये मधले पान उघडून दोन्ही बाजूंना आळीपाळीने पाने टाकली जातात आणि त्या मधल्या पानाच्या जोडीचे पान ज्या बाजूला प्रथम पडेल ती बाजू जिंकते. ज्या बाजूने वाटप सुरू होते तिची शक्यता सुमारे ५१.५ टक्के असते, म्हणून तिच्यावर सामान्यतः कमी दराने पैसे दिले जातात. खेळाडूला यात निवडायची असते फक्त बाजू, पुढचे सारे पानांच्या क्रमावर अवलंबून असते. त्यामुळे बॅकरापेक्षाही येथे पिसण्याचे महत्त्व अधिक, आणि न पिसलेला पाच-सहा पानांचा गठ्ठाही निकाल सांगून जाऊ शकतो. दोन्ही बाजूंची पाने उघडी, क्रमाने ओळीत मांडलेली असतात, आणि पैसे चुकते होईपर्यंत ती ओळ तशीच ठेवली तर वाटपात एखादे पान गाळले गेले काय, किंवा एकाच बाजूला सलग दोन पडली काय, हे वरच्या कॅमेऱ्याला केवळ मोजून सांगता येते.